शांत, आधुनिक बेडरूम करायची आहे – पश्चिमेची खोली, नागपूरचं ऊन, सल्ला हवा

रानजाई

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहिते आहे, पण खोली डोळ्यांसमोर आल्याशिवाय कुणी नीट सल्ला देऊ शकणार नाही.

मनीषनगरात चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. बेडरूम पूर्व-पश्चिम ११ फूट, दक्षिणोत्तर १२ फूट. पश्चिमेला ५ फुटी सरकती खिडकी, बाहेर पेटी ग्रिल आणि जेमतेम दीड फुटाचा छज्जा. पूर्वेच्या भिंतीत खोलीचं आणि बाथरूमचं दार. उत्तरेला वर लॉफ्ट, खाली लोखंडी कपाट, शेजारी प्लायचं जुनं कपाट आणि शिलाई मशीन. दक्षिणेची भिंत मोकळी होती, तिथे आता ड्रेसिंग टेबल आणि इस्त्रीच्या कपड्यांची खुर्ची. पलंगाचं डोकं खिडकीखाली.

माझ्या नवऱ्याची नोकरी बुटीबोरीला, शिफ्टची. नाईट असली की सकाळी साडेआठला झोपतो ते दुपारी तीन-चारपर्यंत. त्यामुळे ही खोली दिवसाही झोपायची आहे. मला तिथे शिरल्यावर डोकं शांत झालेलं हवं, बाकी काही नको.

एका इंटिरिअरवाल्यांकडून अंदाज घेतला. फॉल्स सीलिंग, त्यात कडेने प्रोफाइल लाइट, पलंगामागे काळपट लुव्हर पॅनेल (खाचा असलेल्या उभ्या पट्ट्यांचं), ग्रे सनमायक्याचं सरकतं कपाट, टीव्ही युनिट, हायड्रॉलिक म्हणजे खाली सामानाची बंद पेटी असलेला पलंग. आकडा साडेचार लाखांच्या पुढे. थ्रीडी चित्र देखणं आहे, पण ते पाहून मला एकदाही तिथे झोपावंसं वाटलं नाही. आमचं बजेट दोन, ओढूनताणून सव्वादोन लाख. यात काय ठेवावं, काय गाळावं? रंग कोणता? होळीच्या आत काम आटपायचं आहे.

तळ्याकाठी

ग्रे नको. एवढंच आत्ता सांगते, सविस्तर रात्री लिहीन.

कडुनिंब

रानजाई, मी गेली अनेक वर्षं घरांचीच कामं करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. तुमच्या प्रश्नात रंग शेवटी आला आहे, कामातही तो शेवटीच यायला हवा. तुमच्या खोलीचा खरा प्रश्न पश्चिमेची भिंत आहे.

नागपुरात मे महिन्यात सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. म्हणजे दुपारी एकपासून तुमच्या काचेवर आणि भिंतीवर ऊन येतं ते सहा तास हटत नाही. काचेतून आलेलं ऊन लगेच जाणवतं. भिंतीचं तसं नाही. ती दुपारभर तापते आणि ती ऊब कित्येक तासांनी आत सोडायला लागते. म्हणून तुमच्या मिस्टरांची झोप एकनंतर मोडत असणार आणि तुमची रात्री अकरानंतर. दोघांच्या त्रासाचं मूळ एकच. त्यात पलंगाचं डोकं नेमकं त्या भिंतीला! या गावात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ ला टेकला होता. अशा ठिकाणी तापलेल्या भिंतीला उशी लावून कितीही सुंदर पॅनेल ठोकलं तरी खोली शांत वाटणार नाही.

तेव्हा पहिलं काम फुकटातलं. पलंग दक्षिणेच्या भिंतीला न्या. ६ फुटी पलंग ११ फुटांत मधोमध ठेवलात तर दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट राहतात. कुणालाही दुसऱ्यावरून उडी मारून उतरावं लागणार नाही, चादर घालायलाही जागा. दक्षिणेला डोकं आल्यामुळे घरातली वडील माणसंही समाधानी.

दुसरं, ऊन काचेच्या बाहेर अडवा. आतला पडदा कितीही जाड असो, ऊन काचेतून आत आलेलं असतं आणि पडदाच तापतो. छज्ज्याचा दक्षिणेच्या खिडकीला उपयोग होतो कारण तिथे सूर्य वर असतो. पश्चिमेचा सूर्य समोरून, तिरपा येतो, त्याला आडवा छज्जा काय अडवणार? तिथे उभं आवरण लागतं. तुमची पेटी ग्रिल आहेच, तर ग्रिल आणि काच यांच्यामध्ये बांबूची चीक, म्हणजे काड्यांचा गुंडाळता येणारा पडदा, सोडा. दोरी आत घ्या म्हणजे खिडकी न उघडता वर-खाली करता येईल. सकाळी गुंडाळलेली, बारा वाजता खाली. मला विचाराल तर साडेचार लाखांच्या त्या यादीत नसलेली ही वस्तू सगळ्यांत महत्त्वाची आहे.

फॉल्स सीलिंग काढून टाका. तुमच्यावर मजला आहे, म्हणजे छत तापत नाही. आहे ती उंची आणखी कमी करून काय मिळणार?

वऱ्हाडी_बाणा

ताईंचं सगळं पटलं, पण कूलरचं कोणी बोलूनच नाही राहिलं! नागपूरची बेडरूम आहे बाप्पा. होळी झाली की कूलर निघते. तो खिडकीत बसला की चीक कुठे, पडदा कुठे अन् तुमचा मॉडर्न लूक कुठे? चित्रात कूलर कधीच नसते जी. आधी सांगा, या खोलीत कूलर आहे का एसी?

आणि चीक महाग वाटली तर शेड नेट लावा. फक्त हिरवी नका घेऊ. पूर्ण खोलीत हिरवट उजेड पडते, माणूस आजारी दिसते. पांढरी किंवा मातकट रंगाची मिळते, ती घ्या.

रानजाई

कूलर आहे, त्याच खिडकीत, अर्धी खिडकी अडवून. एसी नाही. यंदा घ्यावा की नाही यावर घरात चर्चा चालू आहे. सासूबाईंना एसीने अंग आखडतं, त्या उन्हाळ्यात आमच्याकडे असतात, पण त्यांची खोली वेगळी आहे.

कडुनिंब

मग या खोलीत एसी आणि कूलर हॉलमध्ये. मी कूलरच्या विरोधात मुळीच नाही. एप्रिल-मेमधली आपली कोरडी हवा, त्यात वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर, त्या वासाला तोड नाही. पण कूलर चालतो कसा ते पाहा. बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो, म्हणजे आतली हवा बाहेर जायला वाट लागते. दार किंवा दुसरी खिडकी उघडी हवी. दिवसा झोपणाऱ्याला दार बंद हवं, अंधार हवा, घरातला कुकर ऐकू यायला नको. दोन्ही एका खोलीत जमत नाही. शिवाय पावसाला सुरुवात झाली की हवा दमट होते, कूलर नुसता चिकचिकाट करतो आणि मिस्टरांची नाईट काही जूनमध्ये थांबत नाही.

एसी पश्चिमेच्या भिंतीवर, पण झोत अंगावर येणार नाही असा. तो २६ वर ठेवून पंखा मंद लावला तर या आकाराच्या खोलीत पुरतो. रंगकामाच्या आधी पाइप आणि पाण्याची नळी भिंतीत घेऊन ठेवा. नंतर केलं तर नव्या भिंतीवरून पांढरी पट्टी फिरते आणि झोपताना नजर तिथेच जाते.

सुतारपक्षी

लाकडाचं मी बोलतो, लकडगंजात आयुष्य गेलं.

कपाट उत्तरेलाच ठेवा, पण लोखंडी, प्लायचं, मशीन असा बाजार मोडून भिंतभर एकच कपाट करा. वर लॉफ्टपर्यंत एकसंध. मध्ये खाच राहिली की तिथे धूळ आणि जुन्या सुटकेसी. आता हिशोब. दक्षिणोत्तर १२ फूट. पलंग उशाच्या फळीसकट पावणेसात. कपाट २ फूट. मध्ये सव्वातीन फूट उरतात. दीड फुटी पल्ला आरामात उघडतो. मग सरकतं दार कशाला? सरकत्या दाराला कपाट २६-२७ इंच खोल लागतं, एका वेळी अर्धंच कपाट उघडतं आणि पट्टीत धूळ बसली की घरघर. शिफ्टवरून आलेला माणूस झोपलेला असताना ती घरघर नको. कब्जाचे पल्ले, सॉफ्ट क्लोज बिजागरी. खर्चही कमी.

सनमायका भिंतीच्याच रंगाचा, मॅट. कपाट भिंतीत मिसळून जातं आणि खोली मोठी वाटते. काळपट सनमायक्यावर नागपूरची धूळ दुपारपर्यंत दिसते, बोटांचे ठसे वेगळे. त्या लुव्हर पॅनेलचंही तेच, प्रत्येक खाच पुसत बसावी लागते.

प्लाय घेताना आयएस ३०३ आणि आयएस ७१० हे भारतीय मानकांचे दोन आकडे लक्षात ठेवा. ७१० म्हणजे मरीन, उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या गोंदाचा. बाथरूमच्या भिंतीला टेकणारा भाग असेल तिथे ७१० वापरा, बाकी कपाटाला ३०३ पुरतो. छाप प्रत्येक शीटवर असतो, माल उतरवताना स्वतः उभं राहून पाहा. प्लायच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो, तो कमी असलेली ई-१ किंवा ई-० प्रत मागा. बंद एसीच्या खोलीत नव्या प्लायचा वास महिनोन्‌महिने राहतो, झोपायच्या खोलीत ते नकोच.

पलंग मात्र सागवानाचा करा. सीपी टीक, म्हणजे जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचं सागवान, म्हणून जे देशभर विकलं जातं त्यात आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलंही असतं. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांनाही २०२३ मध्ये बल्लारशाहून सागवान गेलं. पाडलेल्या घराचं जुनं लाकूड मिळालं तर आणखी चांगलं, ते मुरलेलं असतं, वाकत नाही. चार पाय, साधी चौकट, उशाला ३ फुटी सपाट फळी, वर नुसतं मेण-तेल. नक्षी नको, चमक नको. खालून झाडू आणि पोछा जाईल इतका उंच. हायड्रॉलिक पेटीत गादीला खालून हवा लागत नाही आणि पावसाळ्यात कुबट वास येतो.

तळ्याकाठी

आले. ग्रे का नको ते सांगते. बाजारातले बहुतेक ग्रे निळसर असतात. संध्याकाळी पश्चिमेचा पिवळा उजेड त्यावर पडला की रंग मळकट दिसतो आणि रात्री पिवळसर दिव्यात तर ओल आल्यासारखा. तुमच्या खोलीत उष्ण बाजूचा पांढरा हवा, ज्यात किंचित मातकट छटा आहे. साईपेक्षा एक पायरी कमी पिवळा. छतालाही तोच रंग द्या. छत वेगळं पांढरं केलं की भिंत जिथे संपते तिथे रेघ उमटते.

दुकानातल्या दोन इंची चिठ्ठीवर विश्वास नको. लहान डबा आणा, दोन मोठे ड्रॉइंग पेपर रंगवा, एक पश्चिमेला आणि एक दक्षिणेला चिकटवा आणि सकाळी, चारला, रात्री दिवा लावून पाहा. एकच रंग तिन्ही वेळा वेगळा दिसेल.

वऱ्हाडी_बाणा

मला उलटं वाटते. दिवसा झोपायची खोली आहे तर भिंती गडद काहून नाही? माझ्या भावाची खोली गेरूच्या रंगाची आहे, दुपारी पडदा ओढला की गुहेवानी थंड वाटते. पांढऱ्या खोलीत थोडासा उजेड आला तरी पूर्ण खोली उजळते.

तळ्याकाठी

हे मात्र खरं आहे, मान्य. मग उशामागची दक्षिणेची एकच भिंत गेरूची किंवा दगडी हिरवट करा. झोपल्यावर ती दिसत नाही, आत येताना दिसते. बाकी तीन भिंती फिक्या. आणि सगळीकडे मॅट रंग. आपल्याकडे काळ्या मातीमुळे इमारती थोड्या हलतात, प्लास्टरला केसाएवढ्या चिरा पडतात. चमकदार रंगावर त्या लगेच दिसतात, मॅटवर कमी. आधी चिरा भरून घ्या, मगच पुट्टी.

उजेड

दिव्यांचं काम करतो म्हणून लिहितो. बेडरूममध्ये बहुतेकांकडे ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब असते. रात्री साडेदहाला त्या उजेडात बसलं की झोप पळते. तुम्ही २७०० ते ३००० मध्ये, म्हणजे पिवळसर उजेडात राहा आणि सगळे दिवे एकाच आकड्याचे घ्या. एक पिवळा, एक पांढरा असं झालं की कितीही खर्च केला तरी खोली विस्कळीत दिसते. खोक्यावर सीआरआय ९० लिहिलेलं असेल तर रंग आणि माणसं खरी दिसतात.

मुख्य नियम असा की उशीवर डोकं ठेवल्यावर एकही दिवा डोळ्यांत जाता कामा नये. छतातले गोल स्पॉट नेमके पलंगाच्या वर येतात, ते टाळा. पलंगाच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर एकेक दिवा, कापडी किंवा कागदी शेडचा, बसल्यावर खांद्याच्या उंचीवर. कपाटासमोर एक वेगळा दिवा, साडी निवडायला भरपूर उजेडाचा. तिघांची बटणं वेगळी, आणि एक बटण दारापाशी तसंच उशापाशीही. डिमर हवा असेल तर डिमर चालणारा एलईडीच घ्या, नाहीतर दिवा थरथरतो.

एक बारीक गोष्ट. एसीचा आकडा, चार्जरचा निळा ठिपका, स्विचबोर्डचे लाल इंडिकेटर. दिवसा अंधार करून झोपणाऱ्याला हे सगळे टोचतात. बोर्ड घेतानाच बिनइंडिकेटरचा घ्या. पंखा बीएलडीसी घ्या, साधा ७५ वॅट खातो, हा तीसच्या आसपास, आणि मंद वेगावर गुणगुणत नाही.

मूळची_इतवारीची

पडद्यांवर कुणी आलं नाही म्हणून मी येते. मुली, गांधीबागेत ठोक कापडाच्या दुकानांत जा, तयार पडदे घेऊ नकोस. तुला दोन थर हवेत. काचेलगत पातळ सुती पांढरा, तो रोजचा. त्याच्या आत जाड पडदा, त्याला ब्लॅकआउटचं अस्तर, पण अस्तर वेगळं हुकवर अडकवायचं, शिवून टाकायचं नाही. सुती कापड धुतलं की आटतं, अस्तर आटत नाही. एकत्र शिवलं तर पहिल्याच धुण्यात पडदा फुगे धरतो. कापड आधी भिजवून वाळवून मगच शिवायला दे.

दांडी खिडकीच्या चौकटीवर नको, छताजवळ लाव आणि दोन्हीकडे फूटभर पुढे काढ. उजेड कडेनेच आत शिरतो. खिडकी ५ फूट म्हणजे दांडी ७ फूट, आणि चुण्यांसाठी कापड त्याच्या दुपटीने. लांबी जमिनीपासून अर्धा इंच वर. खिडकीपुरता आखूड पडदा ठेवलास तर खोली बुटकी दिसेल.

पलंगावर हातमागाची साधी चादर, एकाच रंगाची. शोभेसाठी कोशाचे दोन अभ्रे पुरेत. भंडाऱ्याच्या मोहाडीकडचा कोसा पाहा, त्याचा मूळ मधासारखा रंग तुझ्या फिक्या भिंतीवर काय खुलेल! रंगवलेला घेऊ नकोस. फक्त उन्हात राहू देऊ नकोस, रेशीम उन्हाने जीर्ण होतं. खाली एक सुती सतरंजी, झटकता आणि धुता येते. केसाळ गालिचा इथल्या धुळीत नको.

रानजाई

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! नवऱ्याला रात्री वाचून दाखवलं. तापलेल्या भिंतीचं ऐकल्यावर त्याने झोपायच्या आधी हात लावून पाहिला. थंडीतसुद्धा ती भिंत बाकीच्यांपेक्षा कोमट होती. पलंग रविवारीच हलवतोय.

पण एक अडचण. सासूबाईंचं म्हणणं, एवढा खर्च करून भिंती कोऱ्याच, टीव्ही नाही, पॅनेल नाही, तर पाहुण्यांना वाटेल पैसे कमी पडले. त्या दुखावतील असं मला काही करायचं नाही.

कडुनिंब

त्यांना एकदा सेवाग्रामला घेऊन जा, नागपूरहून दीड-दोन तासांचं अंतर. तिथे गांधीजींच्या बापू कुटीत थोडा वेळ बसा. १९३६ च्या सुमारास माती, बांबू, कौलं अशा आसपासच्या सामानातून उभी राहिलेली खोली. भिंतीला मातीचा गिलावा, त्यावर गांधीजींच्या शिष्या मीराबेननी मातीतच उठवलेली झाडं. बसायला चटई, हाताशी मोजक्या वस्तू. त्या खोलीत गरिबी जाणवत नाही, उलट माणूस आपोआप हळू आवाजात बोलायला लागतो. मी कामाच्या सुरुवातीला ग्राहकांना तिथे जायला सांगते आणि परत आल्यावर यादी त्यांनीच छोटी केलेली असते.

आणि भिंत पूर्ण कोरी कशाला? सासूबाईंकडे एखादी जुनी करवतकाठी साडी असेल, विरलेली, नेसता न येणारी. तिचा काठ आणि पदराचा तुकडा सुती कापडावर ताणून, साध्या सागवानी चौकटीत दक्षिणेच्या भिंतीवर, उशाच्या फळीच्या वर लावा. पश्चिमेच्या उन्हापासून दूर. त्या खोलीत तेवढं एकच. पाहुण्यांना तेच दाखवतील त्या.

रानजाई

आहे! त्यांच्या लग्नातली, जांभळी, ट्रंकेत आहे. विचारलं तर लगेच काढून आणली आणि कोणता भाग लावायचा हे त्याच ठरवत बसल्या आहेत. टीव्ही हॉलमध्येच राहणार असं ठरलं.

आता यादी अशी: एसी, चीक, भिंतभर कपाट, सागवानी पलंग, तीन जागी दिवे, बीएलडीसी पंखा, दोन थरांचे पडदे, रंग. सुतारांनी कपाट आणि पलंग मिळून सांगितलेला आकडा धरला तरी सव्वादोनच्या आत बसतं आहे. गादी जुनीच, कापसाची, पिंजून घेणार.

शेवटचा प्रश्न. सगळे कारागीर एकदम आले तर गोंधळ होईल. आधी कोणाला बोलवू?

सुतारपक्षी

आधी इलेक्ट्रिशियन आणि एसीवाला, भिंती फोडायच्या त्या एकदाच. मग चिरा, प्लास्टर, पुट्टीचा पहिला हात. मग मी म्हणजे सुतार, कारण भुसा उडतो. कपाट उभं झालं की रंगाचे शेवटचे दोन हात. पलंग बाहेर तयार करून रंगानंतर आत आणायचा. मेण-तेलाचं काम खिडकी उघडी ठेवून, चार दिवस तिथे झोपू नका. पडद्याचं माप दांडी लागल्यावरच.

वऱ्हाडी_बाणा

आणि चीकवाल्याले आत्ताच सांगून ठेवा ताई. मार्च लागला की त्याच्याकडे रांग लागते, मग तो एप्रिलशिवाय भेटत नाही.